अप्पांनी गाडीला शिकवलं

सोमवारी सकाळी अप्पा गेले. ते दुकानात बसले होते. गिऱ्हाईक पत्र्याचा भाव विचारत होतं. अप्पांनी हात वर केला, थांब म्हणाले आणि टेबलावर डोकं टेकवलं. डॉक्टर आले. त्यांनी नाडी बघितली. मग दुकानाचं शटर ओढलं गेलं. गाडी दुकानासमोर उभी होती. येत्या रविवारी तिच्यातून उमापूरला जायचं ठरलं होतं.

अप्पा माझे घरमालक. इथल्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून मी वडवणीला आले आणि त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्यांत राहायला लागले, ती अजून तिथेच आहे. खाली त्यांचं दुकान. खिळे, पत्रे, साखळ्या, दोरखंड, पाइप. दुकानामागे घर, घरात ते आणि काकू. मुलगा पुण्याला. गेले काही आठवडे मी त्यांच्याविषयी लिहायला बसते आणि दर वेळी गाडीपाशीच येऊन थांबते. गाडी त्यांच्याकडे वर्षभरसुद्धा नव्हती, तरी.

मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, एकटीच का असंही विचारलं नाही. कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे, गळ्यात लिंग, हातात मोजपट्टी. म्हणाले, "बाई, ते दार लावून दाखवा."

मी दार लावलं.

"आता राग आल्यावर लावता तसं लावा."

मला हसू आलं आणि दार पहिल्यासारखंच लागलं.

"सामान कधी आणायलाव?" अप्पा म्हणाले.

जो दार आपटतो त्याला खोली देऊ नये, पोरगी देऊ नये आणि बैल तर अजिबात देऊ नये, असं त्यांचं मत होतं. दुकानातही त्यांचा हाच कारभार. गिऱ्हाइकानं खिळा मागितला की कशाला पाहिजे ते आधी विचारायचे. उत्तर पटलं नाही तर खिळा मिळायचा नाही. "फळी फुटंल त्यानं. बारका ने," म्हणायचे. एकदा एकजण चिडून म्हणाला, "अप्पा, पैसे मी द्यायलोय, फळी बी मपलीच हाय." अप्पा शांतपणे म्हणाले, "खिळा आजूक मपला हाय." तो माणूस बारका खिळा घेऊन गेला.

बैलांविषयी मात्र ते अनुभवानं बोलायचे. वाण्याच्या घरात जन्मूनही अप्पांचा जीव बैलांत. तेलगावकडे त्यांचं शेत होतं आणि तरुणपणी गोऱ्हे शिकवण्यात त्यांचा हातखंडा होता. लांबलांबचे लोक जुवाखाली मान न देणारा गोऱ्हा त्यांच्याकडे आणून सोडायचे आणि वळण लागलेला बैल घेऊन जायचे. "वाण्याच्या पोरानं तराजू धरावा, ह्यानं कासरा धरला," असं त्यांचे वडील म्हणायचे म्हणे. पुढे बैल गेले. मग रस्ता रुंद करताना त्या शेताचा निम्म्याहून मोठा तुकडाही गेला आणि मोबदला आला. मुलानं पुण्यात फ्लॅट सुचवला. अप्पांनी गाडी घेतली.

"रस्त्यानं मपली जिमीन घेतली," ते म्हणाले. "आता त्या रस्त्यावर चालायला मला चांगलं जनावर नको का?"

जाहिरातीत जी गाडी डोंगराच्या वळणांवरून एकटीच भरधाव जाते आणि आत बसलेल्या माणसाची चाळिशी उलटलेली नसते, तसली ती गाडी होती. गडद निळी, लांबट, जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी. मोठ्या गाड्या आमच्या गावाला नवीन नाहीत. पुढाऱ्यांच्या पांढऱ्या, उंच गाड्या रोज धुरळा उडवत जातात. पण त्या गाड्यांत लोक चढतात. अप्पांच्या गाडीत उतरावं लागायचं.

ती आली त्या दिवशी दुकानापुढे ही गर्दी. मठातल्या स्वामींनी नारळ फोडला, बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढले. जो तो एकच प्रश्न विचारत होता, "अप्पा, ॲव्हरेज किती देती?"

"आजूक मी तिला काई मागितलंच न्हाई," अप्पा म्हणाले.

समोरच्या दुकानातले टेलरमास्तर कात्री हातात घेऊनच आले. मास्तर आणि अप्पा एका शाळेतले. दोघं सत्तरीचे, पण एकमेकांना अजून 'बे' म्हणायचे. मास्तरांनी गाडीला एक फेरी घातली आणि विचारलं, "हिच्यातून उतरायचं कसं बे? का तिथंच राहायचं?" मग त्यांनी आत बसून पाहिलं, कष्टानं बाहेर आले आणि दार लावलं. अप्पांच्या चेहऱ्यावर कळ उमटली.

"ट्रॅक्टरचं दार हाय का बे ते?"

"ट्रॅक्टरला दार नसतंय."

"म्हणूनच तुला त्याच्यात बसवतेत."

एवढ्या गर्दीत काकू तेवढ्या खिडकीतून बघत होत्या. गाडी खरं तर त्यांच्यासाठीच होती, आणि हे गर्दीत मला आणि मास्तरांनाच माहीत होतं.

काकूंना गाडी लागते. लागते म्हणजे नुसतं मळमळणं नाही. एसटीचा वास आला तरी त्यांचं तोंड उतरतं. एकदा भाच्याच्या लग्नाला जाताना त्यांनी असा काही त्रास काढला की नवरी मांडवात आणि मावशी सलाईनवर. त्यानंतर त्यांनी वडवणी सोडली नाही. थोरली बहीण उमापूरला, गेवराईच्याही पलीकडे. तिला सगळे अक्का म्हणतात. खुब्याचं हाड मोडल्यापासून अक्का अंथरुणावर. म्हणजे एकीला उठता येत नाही आणि दुसरीला गाडीत बसवत नाही. दोघी रोज संध्याकाळी फोनवर बोलायच्या. बोलणं लवकर संपायचं, पण फोन कुणीच ठेवायचं नाही. मी कॉलेजातून येताना पाहायची, काकू फोन कानाला लावून गप्प बसलेल्या. तिकडे अक्काही तशाच बसलेल्या असणार.

"दोघी म्हाताऱ्या अशा फोनवरच मरतेल," अप्पा मला म्हणाले होते. "हिला एकदा उमापूर दाखवायचंय. जिती असताना."

उंच गाडी डुलते, डुललं की पोट ढवळतं, म्हणून गाडी जमिनीला धरून चालणारी हवी, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. शोरूममधल्या विक्रेत्यानं इंजिन चालू करून बॉनेटवर पाण्यानं भरलेला ग्लास ठेवला, तिथे सौदाच झाला. "पाणी हाललं न्हाई, बाई," ते मला पुनःपुन्हा सांगायचे. "पाणी हाललं न्हाई, तर हिचं पोट कावून हालंल?"

काकूंनी हे सगळं ऐकून घेतलं. त्या भांडणाऱ्या नाहीत. गर्दी पांगल्यावर त्या बाहेर आल्या, गाडीकडे लांबूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "नवं जनावर हाय. आधी वळण लावा. मग मी बसन."

त्यांना बसायचंच नव्हतं. पण अडवलं होतं ते अप्पांच्याच शब्दांत, त्यामुळे अप्पांना वाद घालायला जागा उरली नाही. उलट ते खूश झाले. "बराबर बोलली," म्हणाले.

गाडीबरोबर एक जाडजूड माहितीपुस्तक आलं होतं, सगळं इंग्रजीत. पुस्तक म्हटल्यावर ते माझ्याकडे आलं. रोज दिवेलागणीला ओट्यावर सतरंजी पडायची. अप्पा मांडी घालून, मास्तर भिंतीला टेकून, काकू दाराआड मेथी निवडत. मी एकेक पान वाचून मराठीत सांगायची. सीटबेल्टचा अध्याय झाला, आरशांचा झाला. अप्पा मन लावून ऐकायचे आणि पुस्तक मिटलं की नकळत हात जोडायचे.

"आरती कधी हाय बे?" मास्तर विचारायचे.

मग नव्या गाडीला सुरुवातीला कसं चालवावं, ते पान आलं. पहिल्या काही किलोमीटरांत इंजिनावर पूर्ण जोर टाकू नये. एकाच वेगानं फार वेळ जाऊ नये, वेग कमीजास्त करत राहावा. अचानक ब्रेक मारू नये. मागे ओझं जोडून ओढायला लावू नये.

अप्पा ताठ बसले. "परत वाचा."

मी परत वाचलं.

"हे कुणी लिव्हलंय?"

"कंपनीनं. परदेशातली कंपनी आहे, अप्पा."

"कुठली का असंना. लिव्हणाराच्या घरी बैल व्हते. पैजंवर सांगतो."

त्या दिवसापासून गाडीचा गोऱ्हा झाला. गाडीत क्लच नव्हता, त्याचं सुरुवातीला त्यांना वाईट वाटलं होतं. "डाव्या पायाला पेन्शन दिली म्हणायची," म्हणाले होते. थांबल्यावर इंजिन आपोआप बंद पडायचं, त्याचं मास्तरांना भय वाटायचं. अप्पांना ते पटलं. "उभं राहिल्यावर जनावर बी डोळे मिटतंय."

आणि गोऱ्ह्याला शिकवायची जी रीत, ती सगळी त्यांनी गाडीला लावली. एका रविवारी सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. अंगणात त्यांची जुनी जीप धडधडत होती, काळा धूर सोडत. मागे निळी गाडी.

"नव्या गोऱ्ह्याला एकट्याला जुंपत न्हाईत, बाई. जुन्या बैलासंगं जुंपायचं. जुना वाट दावतो, नवा बघून शिकतो. जीप तुमी चालवायची."

"मी? मला लायसन्स आहे एवढंच, अप्पा. मी फार हळू चालवते."

"म्हणून तर."

मास्तर म्हणाले, "अबे, गाडीला डोळे हायेत का बघून शिकायला?"

"दिवे काय हायेत मग?" अप्पा म्हणाले आणि जाऊन बसले.

अशी आमची वरात दर रविवारी तेलगावच्या रस्त्याला निघायची. पुढे मी जीपमध्ये, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून. मागे ताशी दोनशेच्या वर धावू शकणारी ती गाडी, माझ्या चालीनं. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत आम्हाला ओलांडून जायचे. एक ड्रायव्हर तर मुद्दाम वेग कमी करून ओरडला, "अप्पा, दोर देऊ का? ओढून नेतो!" अप्पांनी काच खाली करून त्याला गंभीरपणे सांगितलं, "ओझ्याला न्हाई लावायचं आजूक. पुस्तकात लिव्हलंय."

गतिरोधक आला की गाडी थांबायची. पोट घासू नये म्हणून अप्पा आतल्या माणसाला खाली उतरवायचे आणि मग गाडी तिरकी घालून एकेक चाक पार करायचे. आतला माणूस म्हणजे मास्तर.

"उतर बे."

"आता कावून?"

"ब्रेकर आलाय."

"एवढी महागाची गाडी घेतली अन् मी पायी चालायलोय?"

"बैलगाडीतून चढाला उतरत व्हतास का न्हाई?"

"तवा मी बारा वर्साचा व्हतो."

"मग आता तर अक्कल जास्त पायजे."

तेलगावपर्यंत मास्तरांचं बरंच चालणं व्हायचं. गुडघे मोकळे झाले, असं ते काकूंना सांगायचे, पण अप्पांना सांगायचे नाहीत.

पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात आणि त्यांच्या कानात आवतण देतात. अप्पांच्या दारात कित्येक वर्षांत ते झालं नव्हतं. त्या संध्याकाळी ते वाटीत तूप-हळद कालवून बाहेर आले आणि अडले. गाडीचा खांदा कुठला? मास्तरांचं म्हणणं, बॉनेट. अप्पांना ते डोकं वाटत होतं. शेवटी प्रश्न माडीवर आला.

"बाई, पुस्तकात बघा. जोर कोणत्या चाकावर येतो?"

मी बघितलं. "मागच्या."

"म्हंजी खांदा मागं हाय," अप्पा म्हणाले. त्यांनी मागच्या दोन्ही चाकांवरचा फुगीर पत्रा हळुवार हातानं मळला, वाकून म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," आणि तृप्त होऊन आत गेले. सकाळी गल्लीतलं कुत्रं मन लावून मागचं चाक चाटत होतं. खिडकीतून काकूंनी ते पाहिलं आणि त्या हसल्या. पदर तोंडात धरून, भिंतीला धरून, खाली बसून हसल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. अप्पा कुत्र्याला हाकलायला धावले ते अर्ध्यात थांबले आणि खिडकीकडे बघत उभे राहिले. कुत्र्यानं दुसरं चाकही चाटून घेतलं.

मला वाटतं, काकूंचं मन त्या दिवशी वळलं. नवरात्रात त्या आपण होऊन म्हणाल्या, "बसून बघते."

अप्पांनी गाडी दोनदा धुतली. काकू ठेवणीतलं इरकल नेसून, हातात लिंबू धरून बाहेर आल्या. अप्पांनी मागचं दार उघडलं, त्या आत उतरल्या, अप्पांनी दार लावलं. आवाजसुद्धा झाला नाही. इंजिन अजून चालूही झालं नव्हतं. काकूंनी श्वास घेतला, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ही तर जीपच हाय," त्या म्हणाल्या आणि दार उघडून पायरीवर जाऊन बसल्या. लिंबू नाकाशी धरलेलं.

अप्पांनी आत डोकं घालून वास घेतला. मग मला घ्यायला लावला. खरंच होतं. महिनोन्महिने मी पुढे जीपचा धूर सोडत चालले होते आणि अप्पा काचा लावून, एसी चालू ठेवून माझ्यामागे. तो सगळा धूर गाडीनं ओढून घेतला होता. सीटमध्ये, पायाखालच्या गालिच्यात, छताच्या कापडात डिझेल मुरलं होतं. बाहेरची हवा आत येऊ न देण्याचं एक बटण होतं. आमची पोथी अजून त्या पानापर्यंत पोचली नव्हती.

अप्पा परत दुकानात जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी गिऱ्हाइकांना मागतील तो खिळा दिला. मास्तर दोनदा डोकावून गेले. संध्याकाळी मी जिना चढत होते, तर मागून त्यांचं हसणं ऐकू आलं. एकटेच हसत होते.

"बाई, गोऱ्हा जुन्या बैलाची चाल शिकतो, अन् त्याच्या खोडी बी शिकतो. मला ठाऊक व्हतं हे. लोकांला मीच सांगायचो. अन् मीच इसरलो!"

दुसऱ्या दिवशी जीप शेतावर नेऊन उभी केली. गाडीची चारही दारं उघडून ती उन्हात ठेवली. आत कडुनिंबाचा पाला पसरला, टोपलीभर कोळसा ठेवला. मास्तरांनी अत्तराची कुपी आणली, ती अप्पांनी परत केली. "वासावर वास नको. वास जाऊ दे." दिवाळी होईपर्यंत गाडी तशीच उघडी. एका मांजरीनं मागच्या सीटवर मुक्काम केला, तिला कुणी उठवलं नाही.

नवरात्राच्या थोडं आधीचं आणखी एक सांगायला हवं. गाडीच्या सुरुवातीच्या बंधनांची हद्द केव्हाच ओलांडली होती. एका दुपारी अप्पा मला म्हणाले, "चला, हिच्यात काय हाय ते बघू." आम्ही बीडच्या अलीकडे मोठ्या रस्त्याला लागलो. समोर वाहन नव्हतं. अप्पांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर नीट ठेवले आणि पाय दाबला. माझी पाठ सीटला चिकटली. इंजिनाचा आवाज बदलला, बाजूची बाभळीची झाडं एकमेकांत मिसळली आणि मी, जिनं आयुष्यात कधी धावून बस पकडली नाही, मोठ्यानं ओरडले. भीतीनं नाही. अप्पांनी लगेच पाय काढला. गाडी पुन्हा आमच्या नेहमीच्या चालीवर आली.

"हाय," ते म्हणाले.

"काय?"

"जोर. लई हाय. कळलं."

"मग परत एकदा?"

"कावून? हाय हे कळलं की बास झालं." पण घरी येईपर्यंत ते स्वतःशीच हसत होते आणि मास्तरांना त्यांनी त्यातलं एक अक्षर सांगितलं नाही. मीही नाही.

दिवाळीनंतर त्यांनी गाडीचं शिकवणं संपल्याचं जाहीर केलं. "आता हिला," म्हणाले. काकूंसमोरच म्हणाले, आणि काकूंनी मान डोलावली.

सुरुवात उभ्या गाडीपासून. काकू रोज दुपारी उघड्या दाराच्या गाडीत बसून भाजी निवडायच्या. मग एक दार लावलं. मग सगळी. संध्याकाळचा फोनही तिथूनच व्हायला लागला.

"अक्का, मी गाडीत बसलेय बरं का."

अक्कांचा आवाज फोनबाहेरही यायचा. "कुठवर आलीस गं?"

"दारातच हाय."

"मग ये की म्होरं!"

मग गाडी हलली. एक दिवस बाजारतळापर्यंत, एक दिवस गावाबाहेरच्या पुलापर्यंत. काकू डोळे मिटून, लिंबू हुंगत. मी शेजारी असायची. एकदा बीडच्या अर्ध्या वाटेवर काकूंना सोसवेना. अप्पांनी गाडी बाजूला घेतली. काकूंचं कपाळ धरलं, चूळ भरायला पाणी दिलं. काकू रस्त्याकडेच्या मातीत बसल्या आणि रडायला लागल्या. "मला न्हाई जमत हो. कशाला एवढं करायलाव माझ्यासाठी?"

अप्पा पांढऱ्या धोतरानिशी त्यांच्याजवळ मातीत बसले. समोरच्या रानात कापूस फुटला होता, बायका वेचत होत्या. मग म्हणाले, "पहिल्यांदा जुंपलं की गोऱ्हा खाली बसतो. त्याला मारायचं नसतं, ओढायचं बी नसतं. आपुन त्याच्याजवळ बसायचं. त्याचं तेच उठतंय."

"मी गोऱ्हा हाय का?" काकू रडतारडता म्हणाल्या.

"न्हाई. गोऱ्हा लवकर ऐकतो."

काकूंनी त्यांच्या हातावर चापट मारली आणि उठल्या. त्या दिवशी आम्ही तिथूनच परत फिरलो. पुढच्या खेपेला बीडच्या वेशीपर्यंत गेलो आणि कुठेही थांबावं लागलं नाही. त्या रात्री अप्पांनी फोन काकूंच्या हातातून घेतला आणि अक्कांना सांगितलं, "येत्या रविवारी आणतो तुमच्या बहिणीला. सैपाक करून ठिवा." अक्का अंथरुणावरूनच सुनेला हाका मारायला लागल्या.

तो सोमवार त्यानंतर आला.

अप्पांना त्यांच्या शेतातल्या उरलेल्या तुकड्यात रीतीप्रमाणे समाधी दिली. मुलगा पुण्याहून आला, सगळं नीट केलं. तो समजूतदार आहे. दिवस झाल्यावर म्हणाला, "आई, ही गाडी इथं कोण चालवणार? काढून टाकू." काकू गेले कित्येक दिवस काहीच बोलत नव्हत्या. संध्याकाळी फोन वाजायचा, उचलला जायचा, कानाला लागायचा. दुखवटा काढायला माहेरचं माणूस यावं लागतं, आणि काकूंच्या माहेरात अक्कांशिवाय कुणी उरलेलं नाही. एका संध्याकाळी अक्कांचा आवाज मला ओट्यापर्यंत ऐकू आला. "मला येता येईना गं. कशी येऊ मी?"

त्यानंतर काकू माडी चढून माझ्याकडे आल्या. गुडघ्यांमुळे त्या कधी वर येत नाहीत. दारात उभ्या राहून त्यांनी श्वास जमवला.

"बाई, उद्या सुट्टी हाय का तुमाला?"

"आहे," मी म्हणाले आणि सकाळी कॉलेजला अर्ज पाठवला.

मुलगा म्हणाला, "आई, मी नेतो की."

"तू जोरात चालवतूस."

मास्तरही निघाले. पुढच्या सीटवर बसले, दार अलगद लावलं. पहिल्या गतिरोधकाला मी गाडी थांबवली तर ते न सांगता खाली उतरले आणि पुढे जाऊन उभे राहिले. मी गाडी तिरकी घातली. पार झाल्यावर ते परत आत आले, रुमालानं डोळे पुसले आणि म्हणाले, "धुरळा लई हाय." अवकाळी पाऊस पडून गेलेला होता, धुरळा नव्हता.

बीड आलं. अप्पा जिथपर्यंत आले होते ती वेस मागे पडली, तेव्हा काकूंनी डोळे उघडून एकदा मागे बघितलं आणि परत मिटले. पुढचा रस्ता गाडीलाही नवा, मलाही. गेवराईच्या अलीकडे त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला. मी गाडी बाजूला घेतली. त्या दिवशी फारच त्रास झाला. मी कपाळ धरलं, मास्तरांनी पाणी दिलं. काकू कडेला बसल्या, चेहरा पांढराफटक. मला वाटलं आता त्या परत फिरा म्हणतील, आणि मी फिरवली असती. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. ट्रक जात होते. बऱ्याच वेळानं काकूंनी चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि आपल्या आपण उठून गाडीत जाऊन बसल्या.

उमापूरला अक्का पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. कुणीतरी त्यांचे केस विंचरून दिले होते. काकू आत गेल्या, पलंगाच्या कडेला बसल्या आणि बहिणीचा हात हातात घेतला. मला वाटलं होतं मोठा आकांत होईल. झाला नाही. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"गाडी लागली का गं?" अक्कांनी विचारलं.

"लागली."

"मग?"

"मग काय. आले."

अक्का रडल्या ते त्यानंतर. काकू रडल्या नाहीत. त्या बहिणीचा हात चोळत बसल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "तुमी जेवून घ्या."

मुलानं गाडी विकली नाही. महिन्यातून एकदा काकू तिच्यातून उमापूरला जातात. गाडी मी चालवते. काकूंना अजूनही गाडी लागते.